तांदळात लिहिलेलं नाव

"माजी, आ मंदा कोण?" बडोद्याच्या सरकारी कचेरीतल्या गुजराती कारकुनाने शाळेचा पिवळा पडलेला दाखला पुढे सरकवला.

"मीच की."

"अने जिजाबाई?"

"ती पण मीच."

जिजाबाईंची ही पाचवी खेप. निराधार विधवांना सरकारी 'सहाय', म्हणजे दरमहा थोडी रक्कम मिळते, त्यासाठी ही वणवण. कचेरीच्या खिडकीजवळची भिंत लोकांनी शाईचे अंगठे पुसून पुसून निळी करून टाकली होती. जिजाबाई पदर सावरून तिच्यापासून चार हात लांब उभ्या राहत. चौथी पास होत्या त्या. सही करत, चांगली वळणदार.

तीस वर्षं त्यांनी कारेलीबागेतल्या सोसायट्यांमध्ये पोळ्या लाटल्या. नवरा उदयसिंहराव गोरव्याच्या कारखान्यात वॉचमन. पणजोबा म्हणे संस्थानच्या पलटणीत होते. पणतवाच्या हाती शिट्टी आणि दंडुका आला, इतकंच. दोन वर्षांपूर्वी ते गेले, आणि पाठोपाठ बाईंची मनगटंही गेली. लाटणं हातात धरवेना. लहरीपुऱ्याच्या मागची भाड्याची खोली तेवढी राहिली होती. सहाय मिळालं तर ती राहणार, नाहीतर महिनाअखेर पुतण्याकडे, धैर्यशीलकडे, गोरव्याला. "काकी, या की, तुमचंच घर आहे," तो म्हणाला होता. त्याच वेळी त्याच्या बायकोने टीव्हीचा आवाज वाढवला होता. पॅसेजमध्ये टाकलेली खाट बाई बघून आल्या होत्या.

आणि नेमका यंदाच नवा नियम निघाला. अर्जदार भारताची नागरिक आहे, याचा पुरावा हवा. रेशनकार्डावर जिजाबाई उदयसिंहराव मोहिते, पण त्यावरून माणूस कुठे राहतो एवढंच कळतं म्हणे. मतदार-कार्डाचे फोटो काढायला माणसं आली, तेव्हा बाई कुणाच्या तरी ओट्याशी पोळ्या लाटत होत्या. जन्म बडोद्याचा, हे फक्त शाळेच्या दाखल्यावर. तिथे नाव मंदा तुकोजीराव शिर्के.

"जुओ माजी," कारकून समजुतीने म्हणाला. माणूस काही वाईट नव्हता. "मंदाबेन इंडियन छे, कबूल. पण मंदाबेनना पति गुजरी गया, एवो कागळ क्यां छे? जिजाबाईना पति गुजरी गया, कबूल. पण ए इंडियन छे, एवो कागळ क्यां छे?"

"म्हणजे मंदा इथली, पण विधवा नाही. आणि जिजाबाई विधवा, पण इथली नाही?" मागून फत्तेसिंहराव म्हणाले. हे बाईंचे थोरले भाऊ. पंचाहत्तरी उलटलेली, पण बहिणीसाठी साक्ष द्यायला इस्त्रीचा कोट घालून आले होते. "अहो साहेब, आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरतात, नवरामुलगा अंगठीने त्यात नवं नाव लिहितो. माझ्या देखत लिहिलंय. चोपन्न साली."

"लिहिलंय?" कारकून एकदम ताठ बसला. गुजराती सोडून धड मराठीतच बोलला. "मग तेच पाहिजे! त्या वेळचं लेखी. कुठाय ते?"

फत्तेसिंहराव गोंधळले. आयुष्यात कधी खोटं बोलायची सवय नाही.

"तांदूळ होते हो ते. दुसऱ्या दिवशी भात केला."

आख्खी कचेरी खो खो हसली. रांगेतल्या बाया हसल्या, शिपाई हसला. जिजाबाईंनाही हसू फुटलं. त्या भाताला मीठ कमी पडलं होतं आणि सासूबाई कुरकुरल्या होत्या, तेच नेमकं आठवलं. मग कारकुनाने अर्जावर शिक्का मारला, आणि त्यांचं हसू जागच्या जागी विरलं.

"नामंजूर, माजी. मी काय करू? आज छेल्ली, शेवटची तारीख." त्याने कागद परत दिले आणि एक जाडजूड रजिस्टर उघडलं. "कागद परत मिळाले म्हणून इथे सही करा."

बाईंनी पेन घेतलं. टोक कागदावर टेकवलं आणि थांबल्या.

"कुठल्या नावाने करू?"

"अरे, कोणत्याही करा ने!" पुढचा अर्ज ओढत तो म्हणाला. "यात काय फरक पडतो?"

जिजाबाई त्या रिकाम्या रेघेकडे बघत राहिल्या. पाच खेपांत याच नावापायी जीव मेटाकुटीला आला होता. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं.

"शाई द्या."

"मंदे, अगं," भाऊ कळवळले, "तुला सही येते ना!"

"येते, दादा."

त्यांनी डावा अंगठा शाईत दाबला आणि रेघेवर उमटवला. बाहेर निघताना त्या निळ्या भिंतीपाशी थांबल्या. पदराला डाग नको, म्हणून बाकीच्यांसारखाच त्यांनी अंगठा तिथे पुसला. मग भावाला विचारलं, "इथून गोरव्याची बस कुठे मिळते रे?"