अबेल कार्कामोची हजेरी

क्लेमीराला त्यातून मिळणार होती ती फक्त झोप. एवढ्याशा मिळकतीसाठी बाई भर सभेत जिना उतरून आली, हाताचं पीठसुद्धा न धुता. डायरेक्टर बुस्तोस यांच्या टेबलावर दोन्ही हात टेकून तिने सांगितलं की आजपासून हजेरीत माझ्या अबेलचं नाव घ्यायचं बंद करा.

बुस्तोस यांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत ते मागणीचं वजन करत. त्यांनी तिथल्या तिथे हिशेब मांडला असणार: बाईला झोप मिळेल, आणि तिसऱ्या कंपनीचा एकुलता एक हुतात्मा जाईल.

पुएर्तो मोरागा या बंदरगावात बंबवाल्यांच्या तीन कंपन्या. सगळे बिनपगारी, कुणी दुकानदार, कुणी शिक्षक, कुणी जकात कचेरीतला कारकून. भोंगा वाजला की गिऱ्हाईक, वर्ग, ताट, जे समोर असेल ते टाकून पळायचं. गणवेश स्वतःच्या पैशाने शिवायचा आणि वर महिन्याची वर्गणी भरायची. आग विझवण्यासाठी पदरचे पैसे मोजणारी माणसं मानाच्या बाबतीत किती हिशेबी असतात, ते पाहायचं तर परेडच्या दिवशी चौकात उभं राहावं. प्रत्येक कंपनीपुढे तिच्या हुतात्म्यांची नावं वाचतात, तेवढा वेळ ढोल थांबतो. पहिली कंपनी जर्मनांच्या नातवांची, त्यांचे चार. दुसरी इटालियनांची, त्यांचे दोन. आमच्या वेळी ढोल थांबतच नसे. दुसऱ्या कंपनीचे लोक म्हणायचे की तिसरी कंपनी आगीला जाते ती हात शेकायला.

आमच्यात पगारी माणूस एकच: नोल्बेर्तो कार्कामो, बंबखान्याचा रखवालदार आणि बंबाचा ड्रायव्हर. पूर्वी एका बेटावर मच्छीमारांच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. नवी नवरी क्लेमीरा हिला घेऊन इथे आला तो पगार बघून नव्हे, तो बघून कुणीच आलं नसतं. आला तो बंबखान्यावरच्या दोन खोल्यांसाठी. खोल्या फुकट, पण भोंग्याखाली. आम्ही धापा टाकत पोचायचो तोवर बंबाचं इंजिन तापलेलं असायचं आणि नोल्बेर्तोच्या तोंडात शेवटचा घास असायचा. मिसरूड न फुटलेली पोरंही त्याला उस्ताद म्हणत आणि अरेतुरे करत. त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे, आणि त्याला वाटतं का, हे कुणी विचारलं नव्हतं.

अबेल त्याच खोल्यांत जन्मला. चालायच्या आधी तो बंबखान्याच्या खांबावरून घसरायला शिकला, असं क्लेमीरा सांगायची. मोठा झाल्यावर त्याने कंपनीत घ्या म्हणून अर्ज केला.

आमच्याकडे मतदान गोट्यांनी होतं. प्रत्येकाला एक पांढरी, एक काळी. लाकडी पेटीच्या भोकात मूठ घालायची आणि एक सोडून द्यायची. कोणती, ते देव जाणे आणि पेटी जाणे. तीन काळ्या निघाल्या की प्रस्ताव बाद. पेटी फिरवायची आणि शेवटी खण उघडून गोट्या मोजायच्या, हे काम रखवालदाराचं. तेव्हा आपल्या मुलाच्या काळ्या गोट्या नोल्बेर्तोने स्वतःच मोजल्या. पहिल्या खेपेला चार, दोन वर्षांनी तीन. सुधारणा आहे, असं कुणीतरी म्हणालं, आणि नोल्बेर्तोसुद्धा हसला.

कारण कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते असं असतं: वार्षिक जेवणाला हा पोरगा आपल्या शेजारी बसणार, आणि त्याची आई वाढणार, मग ती आपल्याला वाढतेय की त्याला?

तरी आगीला अबेल यायचाच, बापाचं जुनं जाकीट घालून, बंबाच्या मागच्या पायरीवर डाव्या अंगाला उभा राहून. भिजलेला पाइप ओढताना मदतीला आलेल्या हातामागचं नाव कुणी विचारत नाही. फेब्रुवारीतल्या एका दुपारी, दक्षिणेचा वारा सुटलेला असताना, मासळीच्या भुकटीच्या गोदामाला आग लागली. अबेल पाइपाचा दुसरा तुकडा घेऊन आत गेला. भिंत बाहेर पडेल असा सगळ्यांचा अंदाज होता. ती आत पडली. तेवीस वर्षांचा होता.

त्याच संध्याकाळी शवपेटी बंबखान्यात आणली आणि बुस्तोस यांनी त्याचा अर्ज पुन्हा मतदानाला टाकला, आदल्या दिवसाच्या तारखेने. नोल्बेर्तोला म्हणाले की आज तू बस, दुसरा कुणी पेटी फिरवेल. पण त्याने सवयीने पेटी उचललीसुद्धा होती. सगळ्या गोट्या पांढऱ्या निघाल्या. काळी त्या दिवशी कुणाच्या मुठीला सापडली नाही. दुसऱ्या दिवशी अबेलला दफनभूमीत नेलं ते बंबावरून, आणि बंब चालवणारा दुसरा माणूस कंपनीकडे नव्हता.

पुढच्या परेडला आमच्यासमोर ढोल थांबला. जर्मनांच्या नातवांनी टोप्या काढल्या. नगरपालिकेने गोदामामागच्या बोळाला अबेलचं नाव दिलं. एका माणसात एवढं सगळं, म्हणजे भाव वाईट नव्हता. बंबखान्याच्या दारावर पितळी पाटी लागली, आणि ती रोज पुसायचं काम अर्थात नोल्बेर्तोकडे आलं.

आणि हजेरीत नाव. आगीवरून परतलो की बंबासमोर रांग लावायची, आणि शाळामास्तर पालासियोस यादी वाचणार. जो आहे तो म्हणतो हजर. जो परवानगी घेऊन गैरहजर आहे, त्याच्या वतीने शेजारचा म्हणतो रजेवर. पण सगळ्यात आधी हुतात्मा. पालासियोस छाती भरून हाक मारायचा, "स्वयंसेवक अबेल कार्कामो!" आणि आम्ही सगळे एका आवाजात उत्तर द्यायचो, "सेवेत कामी आला!" पहिलं वर्षभर क्लेमीरा हे ऐकायला जिन्याच्या तोंडाशी येऊन उभी राहायची, नवा पोशाख घातल्यासारखी ताठ.

मग ती यायची थांबली. मग हजेरीच्या वेळी वरचं दार बंद होऊ लागलं. मग आमच्यातला एकजण काही निरोप घेऊन वर गेला, तेव्हा दाराला आतून खुर्ची लावलेली. कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाली, हजेरी झाली की जिन्यावर बूट वाजतात. अर्ध्यापर्यंत येतात आणि थांबतात.

आम्ही जिना तपासला. लाकूड जुनं, हवा समुद्राची, आणि खाली तीसएक माणसं एकदम ओरडणार. जिना वाजला नाही तरच नवल. सगळ्यांचं समाधान झालं. मात्र त्यानंतर जिन्याखालच्या जागेवर उभं राहायला कुणी तयार होईना. रांग हळूहळू सरकत दरवाज्याकडे गेली, आणि थंडीवाऱ्यात आम्ही निम्मे रस्त्यावर उभे राहून हजेरी देऊ लागलो.

तर क्लेमीरा टेबलावर हात टेकून उभी होती. बुस्तोस मऊ आवाजात तिला समजावू लागले. कंपनीच्या खर्चाने चर्चमध्ये त्याच्या आत्म्यासाठी मिस्साची प्रार्थना करवू. ती म्हणाली, मिस्सा बऱ्याच झाल्या, पाद्री अगदी छान झोपतो. मागच्या अंगाची खोली देऊ. ती म्हणाली, जिना तोच आहे. शेवटी बुस्तोस यांनी विचारलं की बाई, ज्या नावाचा साऱ्या गावाला अभिमान आहे, त्याचा तुम्हालाच एवढा त्रास का व्हावा?

"तुम्ही त्याला हाक मारता म्हणून," क्लेमीरा म्हणाली. "जिवंत होता तेव्हा दोनदा जिन्यावर बसून होता, साहेब. आई, मला बोलावतात का बघ म्हणायचा. तेव्हा नाही बोलावलंत. आता बोलावता. आणि तो वेडा मला सांगायला वर धावतो. अर्ध्या जिन्यात येतो तोवर तुम्ही सगळे मिळून त्याला सांगता की तू मेलास. दर खेपेला. एका पोराला किती वेळा सांगायचं ते?"

नोल्बेर्तो दाराशी चहाचे पेले घेऊन उभा होता. बुस्तोस यांना आधार हवा होता. त्यांनी त्याला विचारलं, तुझं काय म्हणणं आहे?

"मी पगारी माणूस, साहेब," तो म्हणाला. "मला मत नाही."

मग त्याने पेले खाली ठेवले आणि पेटी आणली.

नाव काढायचं तर पांढरी, ठेवायचं तर काळी. पेटी रांगेने फिरली. कुणी नोल्बेर्तोच्या तोंडाकडे बघत नव्हतं, त्यामुळे सगळे त्याच्या नखांकडे बघत होते. त्यांत नेहमीचं काळं ग्रीस होतं. त्याने खण उघडला आणि काळ्या गोट्या टेबलावर एका ओळीत मांडल्या. तीन. लागतात तेवढ्याच, आमच्या कंपनीत उधळपट्टी नाही.

बुस्तोस यांनी खेद व्यक्त केला. क्लेमीराने टेबलावर सांडलेलं पीठ बघितलं, पुसावं की नाही असा विचार केल्यासारखी क्षणभर थांबली, आणि न पुसता वर निघून गेली. ते नोल्बेर्तोने बाहीने पुसलं.

त्या रविवारी भर दुपारी टेकडीवरच्या एका घराचं धुराडं पेटलं. आग चुलीएवढी, धूर जहाजाएवढा. घरमालकीण रडत होती ती छपरासाठी नव्हे, आमच्या पाण्याने तिचं जेवण वाहून गेलं म्हणून. आम्ही हसतच परतलो. नोल्बेर्तोने बंब आत लावला, खाली उतरला आणि फडक्याने दिव्याची काच पुसू लागला. आम्ही रांग लावली, जिन्यापासून लांब. पालासियोसने यादी उघडली.

"स्वयंसेवक अबेल कार्कामो!"

आम्ही श्वास भरून घेतला होता.

"रजेवर," नोल्बेर्तो म्हणाला.

मोठ्याने नाही. फडकं हातातच होतं. रखवालदार हजेरीत नसतो, त्याने हजेरीत तोंड उघडलेलं आमच्यापैकी कुणी कधी पाहिलं नव्हतं. पालासियोसची पेन्सिल हवेतच राहिली.

"कोण रजेवर?" बुस्तोस यांनी विचारलं.

"अबेल, साहेब."

"त्याला रजा कोणी दिली?"

"मी," नोल्बेर्तो म्हणाला. "बाप आहे मी त्याचा."

बुस्तोस यांनी रांगेवरून नजर फिरवली. भरलेला श्वास आम्ही हळूहळू सोडून दिला, तो ओरडायच्या कामी आला नाही. पालासियोसने बुस्तोस यांच्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि पुढचं नाव घेतलं. पुढचा हजर होता. जिन्यावर काही वाजलं नाही. शेवटचं नाव झाल्यावर वर फरशीवरून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, तेवढाच.

बुस्तोस चिडतील असं वाटलं होतं. पण दुकानदार माणूस. दोन दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की उत्तर बदललं तरी नाव यादीत राहतंच. परेड शाबूत, ढोल शाबूत, बोळाचं नाव शाबूत. फुकटात मिटतंय म्हटल्यावर त्यांनी ते मिटू दिलं. पुढच्या हजेऱ्यांना पालासियोस नाव घ्यायचा, नोल्बेर्तो रजेवर म्हणायचा, आणि आम्ही उगाच बुटांकडे बघायचो. रांग पुन्हा आत आली. क्लेमीराच्या डोळ्यांखालचं काळं उतरलं. बाजारात बायका तिला म्हणू लागल्या की अंगाने भरलीस गं.

त्यानंतर अशा दोनच आगी झाल्या. दुसरीनंतर नोल्बेर्तोने बंबाची किल्ली बुस्तोस यांच्या टेबलावर ठेवली. गाव म्हणालं बुस्तोसने काढला. बुस्तोस शपथेवर सांगत होते की मी ब्रसुद्धा काढला नाही, उलट थांब म्हणालो. आणि या एका बाबतीत ते खरं बोलत होते. पण नोकरी गेली की खोल्याही गेल्या. नोल्बेर्तोने टेकडीच्या पाठीमागे एक भाड्याची खोली घेतली.

सामान पोचवायला आम्ही दोघं-तिघं गेलो. सामान ते काय: लोखंडी खाट, चूल, भांड्यांची दोन खोकी. चढण चढून क्लेमीरा दमली होती. गादी जमिनीवर टाकताच त्या बोचक्यांमध्येच तिला झोप लागली. बाकीचे दुसरी खेप आणायला गेले. मी आणि नोल्बेर्तो उंबऱ्यावर बसलो. मी हळूच विचारलं की उस्ताद, या वयात हे का केलंस? सगळं तर सुरळीत झालं होतं.

तो नखांतलं ग्रीस काडीने काढू लागला.

"बंबाच्या मागच्या पायरीवर माणूस उभा असला ना, की वळणावर गाडी त्या अंगाला झुकते," तो म्हणाला. "स्टिअरिंगला कळतं. पोरगा गेल्यापासून डावीकडे झुकायची. पायरी रिकामी असली तरी. मी वळणं सावकाश घ्यायचो."

"क्लेमीराला सांगितलं नाहीस?"

"तिला ऐकू यायचा, तिला सहन होत नव्हतं. मला चालत होतं."

"आणि रजा दिल्यापासून?"

"आता हलकी आहे गाडी."

तेवढ्यात खाली गावात भोंगा सुरू झाला. नोल्बेर्तो उठला, म्हणजे अर्धा उठला, आणि मग पुन्हा टेकला. मला जायला हवं होतं. मी जाकीट उचललं आणि आत एकदा बघितलं. क्लेमीराने कूससुद्धा बदलली नव्हती.

मी उतारावरून धावत सुटलो. कंपनीचं काही गेलं नव्हतं. क्लेमीराला झोप मिळाली, अबेलला रजा मिळाली, आणि दोन्हीची किंमत उंबऱ्यावर बसलेल्या माणसाने एकट्याने भरली. वळणावर मागे पाहिलं तेव्हा भोंग्याने ती जागी होऊ नये म्हणून तो दार आवाज न करता लोटून घेत होता.