हद्दीबाहेरचा गव्हर्नर

ओरिन हॅझलटनने आयुष्यात कुणाला तोंडावर नाही म्हटलं नव्हतं, आणि हो म्हटलं होतं तेही पुढे अंगाशी येणार नाही अशा बेताने. पशुखाद्याच्या दुकानदाराचा हा मुलगा वकील झाला, काउंटीचा सरकारी वकील झाला, आमदार झाला आणि शेवटी गव्हर्नर, तोही दोनदा. एकोणतीस वर्षांत एकही निवडणूक तो हरला नव्हता. आता त्याला सिनेटर होऊन वॉशिंग्टनला जायचं होतं. पक्षाची उमेदवारी ठरवणारं मतदान अठरा दिवसांवर आलं होतं, आणि नेमका तेव्हाच लुईस रूडच्या माफीचा कागद टेबलावर येऊन पडला.

किराणा दुकानातल्या दरोड्यात एक पोलीस मारला गेला होता. लुईस आणि त्याचा साथीदार, दोघांनाही विजेच्या खुर्चीची शिक्षा झाली. साथीदार तुरुंगातच क्षयाने मेला. मरण्यापूर्वी त्याने पाद्र्याला सांगितलं की गोळी मी घातली, लुईस बाहेर गाडीत बसला होता, त्याच्याकडे बंदूकच नव्हती. माफी मंडळाने लिहून दिलं, खुर्चीऐवजी जन्मठेप द्या. राहिली होती ती फक्त गव्हर्नरची सही. खुर्चीची वेळ शुक्रवारी संध्याकाळी सहाची.

मंगळवारी लुईसची आई भेटायला आली. ओरिनच्या पहिल्या निवडणुकीत इडा रूड कोर्टासमोरच्या खानावळीत स्वयंपाक करायची. कामावरून सुटली की ती त्याला गिरणीच्या वस्तीत दारोदार फिरवायची. ती नसती तर त्या वस्तीत त्याला कुणी उंबऱ्यातही उभं केलं नसतं.

"ओरिन, सोडून दे म्हणत नाहीये मी," ती म्हणाली. "राहू दे जन्मभर आत. रविवारी जाऊन तोंड बघता येईल, एवढंच कर."

"मिस इडा, मी कागद नीट वाचतोय."

"आणि किती वाचशील? एवढा सावकाश वाचणारा तू कधीच नव्हतास."

ओरिनने कागद तीनदा वाचला होता. लुईसने गोळी घातली नाही याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. पण मेलेल्या पोलिसाची विधवा आता विरोधी उमेदवाराच्या व्यासपीठावर काळे कपडे घालून बसत होती. सही केली की वॉशिंग्टन संपलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली होती.

वाट दाखवली ती राज्यघटनेने. घोडागाडीच्या काळात लिहिलेल्या त्या घटनेत एक कलम होतं: गव्हर्नर राज्याची हद्द ओलांडून गेला की तो परत येईपर्यंत उपगव्हर्नर हाच गव्हर्नर. उपगव्हर्नर डेल पिंकनी रविवारी चर्चमध्ये बायबल शिकवायचा आणि विजेची खुर्ची हे पाप आहे असं उघड म्हणायचा. त्याने सही करावी, ओरिनने परत येऊन वार्ताहरांसमोर रागाने लालबुंद झाल्याचं दाखवावं. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायची, पण या खेपेला निदान जीव वाचवायला, अशी त्याने मनाची समजूत घातली.

गुरुवारी त्याने डेलला बोलावलं.

"डेल, उद्या दुपारी मी नदीपलीकडच्या राज्यात जातोय. जनावरांच्या प्रदर्शनाला बोलावलंय त्यांनी."

"उद्या? शुक्रवारी?"

"सहानंतर येईन. तोवर घर तुझं. रूडचा कागद टेबलावर वरच आहे. तुझ्या मनाला पटेल ते कर."

"माझ्या मनाला काय पटतं ते तुला चांगलं ठाऊक आहे."

"मला बाबा कशातलं काही ठाऊक नाही," ओरिन म्हणाला आणि त्याने डोळा मारला.

डेल हसला. ते हसू ओरिनने होकारात धरलं. दोघांचीही उभी हयात राजकारणात गेलेली, तिथे सरळ विचारायची आणि सरळ सांगायची रीतच नसते.

शुक्रवारी ओरिन एका दांडग्या बैलाच्या गळ्यात फीत बांधून मोकळा होतोय तोच प्रदर्शनाच्या कचेरीत त्याच्यासाठी फोन आला. सव्वापाच वाजले होते. फोनवर त्याची सेक्रेटरी लोरेन होती.

"साहेब, पिंकनी नाहीयेत इथे."

"कॉफी प्यायला गेला असेल."

"दोन वाजताच बहिणीकडे गेलेत, उत्तरेची हद्द ओलांडून. म्हणाले, ओरिनला सांग, मीही काही दूधखुळा नाही."

"मग आत्ता गव्हर्नर कोण आहे?"

"राज्याच्या सिनेटचे अध्यक्ष, टोलिव्हर. तुम्हा दोघांनंतर त्यांचाच नंबर. तळ्यावर गेलेत मासे धरायला. होडीत आहेत. आपण गव्हर्नर आहोत हे त्यांच्या गावीही नाही. तुरुंगाची लाइन मी धरून ठेवलीय. पुलाचा मध्य ओलांडला की तुम्हीच गव्हर्नर, साहेब. आपल्या बाजूच्या टोलनाक्यावर फोन आहे. तिथून तोंडी सांगितलंत तरी ते थांबवतील. पण दोन वार्ताहर नाक्यावर येऊन उभे राहिलेत."

व्हर्जिलने गाडी अशी हाणली की पावणेसहाला ते पुलावर होते. अठरा वर्षं तो ओरिनची गाडी चालवत होता. पुलाच्या मधोमध दोन्ही राज्यांच्या नावांची लोखंडी पाटी होती.

"थांब," ओरिन म्हणाला.

"साहेब, नाका तो काय समोर!"

"थांब म्हणतो ना! इंजिनात कसला तरी आवाज येतोय."

"मला नाही येत ऐकू."

"झाकण उघडून बघ."

व्हर्जिल उतरला. त्याने झाकण वर केलं, पण इंजिनाकडे बघितलंच नाही. तो काचेतून ओरिनकडे बघत राहिला. ओरिन स्वतःला सांगत होता की इथे आपल्याला अधिकारच नाही, कायदाच तसा आहे. ते खरंही होतं, आणि त्याचीच त्याला लाज वाटत होती. एकदा त्याने दार उघडून एक पाय खालीही टाकला. तेवढ्यात नाक्यावरच्या एका वार्ताहराने कॅमेरा वर केला. ओरिनने पाय आत घेतला.

सहाला पाच कमी असताना व्हर्जिल खिडकीशी आला. "मी धावत जाऊन फोन करतो. तुम्ही फक्त हो म्हणा."

"तू काय गव्हर्नर आहेस?"

"आत्ता तुम्हीही नाही, साहेब," व्हर्जिल म्हणाला.

ओरिनने घड्याळावर बाही ओढून घेतली. खाली नदीतून एक मालवाहू तराफा गेला, तो दिसेनासा होईपर्यंत तो बघत राहिला. मग म्हणाला, "बघ, सुरू होते का." सहा वाजून चार मिनिटं झाली होती. गाडी पहिल्याच झटक्याला सुरू झाली.

शनिवारच्या पेपरात पहिल्या पानावर फोटो होता: पुलावर झाकण उघडलेली गाडी आणि आत डोकं धरून बसलेला गव्हर्नर. माणूस वाचवायला तो जिवाच्या आकांताने परत फिरला, पण हद्दीपासून चार पावलांवर गाडीने दगा दिला, असं खाली छापलं होतं. लुईसला खुर्ची झाली म्हणून विधवेची माणसं गप्प बसली, आणि गव्हर्नर बिचारा धावला होता म्हणून बाकीचे हळहळले. सुंठीवाचून खोकला गेला. व्हर्जिलने सोमवारी बदलीचा अर्ज दिला, कारण लिहिलं नाही.

त्याच दिवशी इडा आली. खुर्चीवर बसली नाही, टेबलाला धरून उभी राहिली.

"पेपर वाचला," ती म्हणाली. "बाकी सगळे पळाले रे. तू एकटा उलटा फिरलास. लुईसला नाही कळलं, पण मला कळलं. ते सांगायला आले."

सांगून टाकावं असं ओरिनला वाटलं, अगदी मनापासून वाटलं. त्याने तोंडही उघडलं.

"वस्तीत घरोघर सांगितलंय मी," ती म्हणाली. "आमची सगळी मतं तुलाच."

ओरिनचा हात आपोआप पुढे गेला. त्याने इडाचा हात दोन्ही हातांत घेतला, आणि एकोणतीस वर्षं प्रत्येक मतदाराला म्हणत आला होता तेच त्याच्या तोंडून निघालं.

"फार आभारी आहे. घरी सगळ्यांना माझा नमस्कार सांगा."

"घरी आता कोण आहे," इडा म्हणाली आणि तिने हात सोडवून घेतला.