पडद्यावरचा डाग

रशियातल्या बांधकामावरून तालांतबेक नारिनला घरी परतला, तेव्हा मेव्हण्यासाठी त्यानं हातात धरून खेळायचं गेमचं यंत्र आणलं. मेव्हणा एल्दियार कॉलेजात शिकत होता, तरी जेझदेंनी, म्हणजे दाजींनी, आणलेली भेट पाहून लहान पोरासारखा हरखला. पण यंत्र चालू करताच पडद्यावर एक लाल ठिपका दिसला. चित्र बदललं तरी तो जागचा हलेना.

अडकलेला ठिपका दाबून सुटतो, असं त्यानं एका व्हिडिओत पाहिलं होतं. मऊ फडक्यानं, हलक्या हातानं, असंही त्यात सांगितलं होतं. पण एवढा धीर कुणाला? त्यानं अंगठ्यानं जोर दिला. ठिपका तसाच राहिला आणि शेजारी शाई सांडल्यासारखा काळा डाग पसरला.

दुपारी पाहुणे जेवायला बसले, तेव्हा बहीण बुरुलाय म्हणाली, "दाखव की रे, तुझ्या जेझदेंनी काय आणलंय ते!"

डाग पाहून तिचा चेहरा पडला. "हे काय?"

"खोक्यातून असंच निघालं," एल्दियार बोलून गेला.

"वाटलंच होतं!" ती नवऱ्याकडे वळली. "कुणीही यावं आणि तुम्हाला टोपी घालावी. इतकी वर्षं परदेशात राहून एवढीही अक्कल आली नाही?"

पाहुणे हसले. तालांतबेकनं एकदा एल्दियारकडे पाहिलं, मग मान खाली घालून तळलेल्या पिठाचा बोर्सोक चहात बुडवला.

जेवण आटोपल्यावर तालांतबेक खिडकीशी बसून चष्म्याच्या फडक्यानं पडदा हळूहळू चोळू लागला. सिमेंटनं फुटलेली त्याची बोटं जपून फिरत होती.

"जेझदे, राहू द्या."

"लाल ठिपका जाईल बघ. घेतानाच दिसला होता मला, म्हणून तर परवडलं. काळ्याचं मात्र माझ्याच्यानं काही व्हायचं नाही."

एल्दियारचे कान तापले. "म्हणजे काळा डाग मी पाडला, हे तुम्हाला कळलं होतं? मग बोलला का नाहीत?"

"चारचौघांत तुला खोटं पाडू?"

एल्दियारला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाहुणे अजून चहा घेत होते. त्यांच्यादेखत तो बहिणीपुढं उभा राहिला. "एजे, डाग माझ्या हातून पडला. जेझदेंचा काही दोष नाही."

बुरुलायच्या हातातली किटली तशीच राहिली. "अरे, आणि मी त्यांना नाही नाही ते बोलले!"

तिनं चहाची वाटी नेऊन नवऱ्यापुढं ठेवली. भावाकडे पाहिलंसुद्धा नाही.

संध्याकाळपर्यंत लाल ठिपका खरंच गेला. तालांतबेकनं यंत्र पुढं केलं. एल्दियारनं ते दोन्ही हातांनी घेतलं. जेझदेंकडे पाहायची हिंमत मात्र त्याला झाली नाही.