लाल बनियनवाल्याची पाठ

टीव्हीवर लाल बनियनवाल्याची पाठ दिसली आणि आधारनानांच्या हातातला चहाचा कप तोंडाजवळ पोचायच्या आधीच थांबला.

पस्तीस वर्षं नाना या माणसाला ओळखत होते. त्याचे खांद्यावर आलेले केस, उघडे दंड, ड्रम वाजवताना मिटलेले डोळे, सगळं नानांना झोपेतही सांगता आलं असतं. नाव तेवढं माहीत नव्हतं, म्हणून त्याला घरात लाल बनियनवालाच म्हणत. आज पहिल्यांदाच कॅमेरा त्याच्या मागे उभा होता. पाठीमागून पाहिलं तर त्याची जोडझांज, ती पायाने उघडझाप करायची, डाव्या हाताला होती. नानांच्या सेटवर ती उजव्या हाताला होती. नेहमीच होती.

"परत लाव," नाना म्हणाले.

प्रशीलने परत लावलं. मग आणखी एकदा. तिन्ही वेळा झांज डावीकडेच निघाली. प्रशील हा नानांचा सगळ्यात जुना शिष्य. आता पुण्याला कंपनीत होता, आठवडाभराच्या सुटीवर घरी आला होता. गेल्या महिन्यात नाना जळगावच्या एसटी वर्कशॉपमधून रिटायर झाले, तर गुरूला काहीतरी चांगलं द्यावं म्हणून त्याने ही डिस्क शोधून काढली होती. नानांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटच्या फाटक्या कव्हराचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये होता, त्यावरून. कॅसेटमधल्या गाण्याच्या कार्यक्रमाला पन्नास वर्षं झाली म्हणून ती कॅसेट काढणाऱ्या कंपनीने तोच कार्यक्रम धुऊनपुसून नव्याने काढला होता, आणि सोबत एक दुसरी डिस्क दिली होती. तेव्हा ज्या कॅमेऱ्यांचं चित्रण कॅसेटमध्ये घेतलंच नव्हतं, ते सगळं त्या दुसऱ्या डिस्कमध्ये होतं. बिचाऱ्याच्या मनात पाप नव्हतं. पण आनंदाच्या भरात तो बोलून गेला, "म्हणजे नाना, आम्ही बरोबरच होतो की!"

बोलला आणि त्याने जीभ चावली. दारात उभ्या असलेल्या नानांच्या मुलीने, वृषालीने ते ऐकलं होतं.

आता हे प्रकरण समजायला थोडं मागे जावं लागतं. नानांचं लग्न नुकतंच झालं होतं तेव्हाची गोष्ट. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतले एक गार्डसाहेब घरदार आवरून ऑस्ट्रेलियाला चालले होते. नानांनी त्यांची मोटारसायकल दुरुस्त करून दिली. साहेबांनी पैसे दिले आणि वर एक कॅसेट दिली. म्हणाले, हा रॉक अँड रोल आहे, हा ऐकलास की दुसरं काही वाजवावंसं वाटणार नाही. साहेब गेले. त्यांचं वाक्य मात्र नानांच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं.

कॅसेट होती, पण व्हिडिओ कुठे होता? गल्लीत पाच-पाच रुपये वर्गणी काढून व्हिडिओ भाड्याने आणायचे, रात्रभर तीन पिक्चर बघायचे. पहाटे सगळी गल्ली आडवी झाली की मशीन नानांचं. नऊ वाजता ते परत द्यायचं असे, तोवर नाना एकटेच लाल बनियनवाल्यासमोर मांडी घालून बसत, आणि तो जे करील ते उलट्या डब्यांवर करत. त्याची झांज पडद्याच्या उजव्या बाजूला दिसे, म्हणून नानांनी डबाही उजव्या बाजूला ठेवला. कॅमेरा प्रेक्षकांतच उभा होता, त्याचा काय दोष? माणूस समोर बसला की त्याची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते, एवढी साधी गोष्ट. पण गुरूवर श्रद्धा बसली की माणूस साध्या गोष्टी तपासत नाही.

पुढे एका बंद पडलेल्या बँडचा जुना ड्रमसेट मिळाला, तोही नानांनी तसाच लावला. चौदा एप्रिल आला की भीमगीतांच्या कार्यक्रमांत नाना दिसायचे, आणि वाजवायचे असे की म्हातारी माणसंही खुर्चीत नीट बसून ऐकत. दुसरे ड्रमवाले विचारत, नाना, तुम्ही डावरे का? या प्रश्नाने नानांच्या तळपायाची आग मस्तकात जाई. ते म्हणत, मी उजव्या हाताने जेवतो, तुम्ही सगळे टीव्हीत बघून उलटं शिकलात, मी मूळ मालकाकडून शिकलो आहे.

शिष्यांचीही तीच कथा. अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये जागा ती केवढी! सेटच्या समोर एक लोखंडी स्टूल आणि टायरचा कापलेला तुकडा, स्टुलावर शिष्याने बसायचं आणि नानांचं बघून टायरवर हात चालवायचा. शिकून झालं की प्रत्येकाचा हात नानांच्या उलटा निघे. नाना समजूत घालत, "समोर बसीसन शिकना ना तू, म्हणीसन उलटं व्हयनं. ऱ्हाऊ दे, वाजस ना बराबर?" तीस-चाळीस पोरांना नानांनी हे सांगितलं. आपण कुठे बसून शिकलो, हे मात्र त्यांना एकदाही सुचलं नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, ते असं.

वृषाली मात्र पोटची पोर. तिचं तरी सुलट झालं पाहिजे. म्हणून सातव्या वर्षापासून नानांनी तिला समोर बसू दिलं नाही. आपल्या उजव्या खांद्याच्या मागे, भिंतीला टेकून बसवलं, आणि आपल्या पाठीवरून बघून शिकवलं. पंधरा वर्षांत ती अशी तयार झाली की प्रशीलसुद्धा म्हणे, नाना, ही आमच्या सगळ्यांच्या पुढे जाणार.

आणि पुढे जायची वेळ आली होती. धुळ्याच्या पितांबरभाऊंच्या गायन पार्टीत ड्रमवाल्याची जागा निघाली होती. खानदेशात एप्रिल-मे मध्ये या पार्टीला एक दिवस रिकामा नसे. पुढच्या रविवारी निवड होती. मुलगी म्हणून वृषाली एकटीच. पितांबरभाऊंनी फोनवर बजावलं होतं की सेट लोखंडी फ्रेमवर बोल्ट मारून बसवलेला आहे, माइक बांधलेले आहेत, कोणासाठी काही हलणार नाही. यायचं, बसायचं, दोन गाणी वाजवायची, उठायचं. नाना त्यावर हसले होते. म्हणाले होते, मी पाना घेऊनच येतो, पितांबरचा सेट एकदाचा सुलट करून देतो.

आता सगळं लक्षात आलं: उलटा हात वृषालीचाच होता, आणि पितांबरभाऊंचा सेट काही हलणार नव्हता. वृषाली शेडमध्ये जाऊन सेटसमोर उभी राहिली. नाना मागोमाग गेले, पण उंबऱ्याच्या आत त्यांचं पाऊल पडेना.

"सगळ्यांना चुकीचं शिकवलंत, ते बरोबर निघाले," ती म्हणाली. "मला एकटीला नीट शिकवलंत, नाना."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने काठ्या सेटवर ठेवल्या, आणि धुळ्याला जायचं नाही म्हणून सांगून ती घरात गेली.

दोन दिवस शेड बंद. नाना वर्कशॉपच्या वेळेला उठत, डबा नसताना चौकापर्यंत जात आणि परत येत. आपण पस्तीस वर्षं लोकांसमोर उलटे बसलो आणि वर त्यांनाच शहाणपण शिकवलं, या विचाराने त्यांना घास जाईना. पण ती लाज एकवेळ गिळता आली असती. पोरीची पंधरा वर्षं वाया घालवली, हे काही गिळवेना. नानांच्या बायकोने, भागाबाईने दोन दिवस हे पाहिलं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "तुमले समोर जे दिसस ते बठ्ठं खरंच वाटस." मग तिने विचारलं, त्या प्रशीलला तुम्ही कुठे बसवून शिकवलं होतं? नाना म्हणाले, समोर. आणि तो बरोबर निघाला ना? निघाला. मग आता हिलाही बसवा समोर, तोंड पाडून काय बसलात!

नानांनी अर्धी भाकरी तशीच टाकली आणि ते प्रशीलच्या घरी गेले. प्रशीलचा सेट त्याच्या वडलांकडे पडून होता. रिक्षात घालून दोघांनी तो आणला. शेडमधला पसारा बाहेर काढला, तेव्हा कुठे दोन सेट समोरासमोर मावले. एक नानांचा, एक लाल बनियनवाल्यासारखा. मग नाना घरात गेले आणि वृषालीसमोर उभे राहिले. क्षमा मागायची त्यांना सवय नव्हती. शिवाय आजवर प्रत्येक मुलाला जे सांगितलं, तेच तिला सांगायचं होतं.

"चाल," ते म्हणाले. "आज मना समोर बठ."

वृषाली बसली. रागातच बसली. पण नानांनी पहिला ठेका धरला आणि ती बघतच राहिली. पंधरा वर्षं तिने बापाची पाठ पाहिली होती, घामाने भिजलेला शर्ट पाहिला होता. वाजवताना नाना खालचा ओठ दातांत धरतात, अवघड जागा आली की त्यांच्या भुवया लहान पोरासारख्या वर जातात, हे तिला माहीतच नव्हतं. तिला हसू आलं. नानांनी ते पाहिलं, पण ठेका सोडला नाही.

आणि मग पाच दिवस ती दोघं होती आणि ते शेड होतं. पहिले दोन दिवस हात ऐकेनात. जोडझांजेवर जायचा हात हवेत जाई, पाय भलताच पडे, गल्लीतली पोरं दारात उभी राहून हसत. नाना एकच सांगत, डोकं बाजूला ठेव आणि माझ्याकडे बघ, मी इकडे गेलो की तूही इकडेच ये. चौथ्या दिवशी तिचा उजवा हात एकदम मोकळा झाला. शेवटी तो तिचा जेवणाचा, लिहिण्याचा हात, त्याला इतकी वर्षं दुय्यम काम दिलं होतं. फक्त लांब फेर, सगळ्या ड्रमवरून काठ्या फिरवत न्यायचा, तो मात्र कधी जमे, कधी फसे.

रविवारी सकाळच्या गाडीने बापलेक निघाले. एरंडोल, पारोळा मागे पडलं, तरी वृषाली गुडघ्यांवर बोटं चालवत होती. पाना घरीच होता.

धुळ्याच्या हॉलमध्ये अकरा मुलं आणि वृषाली. पितांबरभाऊ खुर्ची टाकून बाजूला बसले होते. स्वभावाने चांगला माणूस, पण घड्याळाचा पक्का. वृषालीचा नंबर नववा. पहिलं गाणं तिने स्वच्छ वाजवलं, इतकं की मागची मुलं गप्प झाली. दुसऱ्या गाण्यात लांब फेर आला आणि घात झाला. जुन्या सवयीने हात उलट्या दिशेला गेला, काठी फ्रेमच्या लोखंडावर खणकन आपटली, आणि सगळंच थांबलं. पितांबरभाऊंनी पुढच्या मुलाचं नाव शोधायला कागद उचलला.

नाना कोपऱ्यात उभे होते. त्यांनी एक खुर्ची उचलली, स्टेजच्या बरोबर समोर, सेटपासून चार हातांवर आणून ठेवली आणि तिच्यात बसले. मग पितांबरभाऊंकडे न बघताच म्हणाले, "भाऊ, एक डाव आखो."

पितांबरभाऊंनी कागद खाली ठेवला. गाणं पुन्हा सुरू झालं. नानांच्या हातात काठ्या नव्हत्या. ते रिकाम्या हातांनी गुडघ्यांवर वाजवत होते, टाचा फरशीवर आपटत होते, आपल्या त्या उलट्या हाताने. मागची मुलं आधी खुसखुसली. म्हातारा माणूस सगळ्यांसमोर मांड्या बडवतोय म्हटल्यावर कोणीही हसेल. नानांना त्याची पर्वा नव्हती. वृषालीने सेटकडे बघायचं सोडून दिलं आणि ती समोर बघू लागली. फेर जवळ आला. नानांनी खालचा ओठ दातांत धरला, त्यांचे हात त्यांच्या उजवीकडून डावीकडे निघाले, आणि वृषालीचे हात त्यांच्याबरोबर, तिच्या डावीकडून उजवीकडे, एकही ड्रम न चुकवता पार शेवटपर्यंत गेले. मागे कोणीतरी वाहवा म्हणालं. गाणं संपेपर्यंत तिने खाली पाहिलं नाही.

पितांबरभाऊ उठून आले. पहिला कार्यक्रम चोपड्याला आहे, एक एप्रिलपासून रोज सरावाला यावं लागेल, राहायची सोय माझ्या बहिणीकडे, एवढं त्यांनी वृषालीला सांगितलं. मग ते नानांकडे वळले. नानांचे गुडघ्यांवर चालणारे हात त्यांनी नीट पाहिले होते.

"नाना, तुम्ही डावरे शेतस का?"

या प्रश्नावरून झालेली भांडणं वृषालीने लहानपणापासून ऐकली होती.

"नही भाऊ," नाना म्हणाले. "मी समोर बसीसन शिकनू." आणि मनापासून हसले.

सोमवारी सकाळी शेडमध्ये प्रशीलचा सेट नव्हता. तो परत गेला होता. नानांचा जुना सेट जसाच्या तसा, उलटाच लावलेला होता, आणि त्यावर वृषाली बसली होती. हे वाजवणं जळगावात आता नानांखेरीज फक्त तिलाच येत होतं. समोर लोखंडी स्टूल, टायरचा तुकडा. इतकी पोरं बसून बसून स्टुलाचा रंग उडाला होता. नाना त्याच्यावर बसले, दोन्ही काठ्या धरल्या, आणि जोडझांज डाव्या बाजूला आहे असं मानून उजवा हात तिकडे नेला. हात अवघडला. अठ्ठावन्नाव्या वर्षी अवघडणारच.

"ओठ सोडा, नाना," वृषाली म्हणाली, आणि पुन्हा एकपासून मोजायला लागली.