सावलीकडची मुळी

उन्हानं जमीन अशी तापली होती की कुदळ घातली तर ठिणगी उडावी. थोरली मात्र बांधावरच्या झुडपाची मुळी सावलीच्या बाजूनंच उकरत होती. उन्हाकडच्या मुळीचा लेप कातडी भाजतो, हे तिला सासूनं पाठीत एक धपाटा घालून शिकवलं होतं. तीस वर्षं गावातल्या सुजलेल्या गुडघ्यांना, मनगटांना तिच्याच हातानं उतार पडत होता.

घरी आली तर धाकटी जाऊ गुडघा धरून ओट्यावर बसलेली. शेजारी तिचा लेक, शहरात प्रयोगशाळेत कामाला असलेला. दोन वर्षांपूर्वी त्यानंच थोरलीकडून पिशवीभर मुळ्या नेल्या होत्या आणि सगळी कृती वहीत उतरवून घेतली होती.

थोरली दगडावर मुळीची साल वाटायला बसली. लेकानं छापील कागद उघडला.

"मोठी आई, निकाल लागला. रक्तात पांढऱ्या पेशी असतात, आपले राखणदारच म्हण. कधी कधी चोर पळाला तरी त्या काठ्या आपटत राहतात, म्हणून सूज. आम्ही त्या काचेच्या ताटलीत ठेवल्या, मुद्दाम चिडवल्या, मग तुझ्या सालीचा अर्क घातला. बऱ्याचशा शांत झाल्या बघ."

थोरलीचा ऊर भरून आला. जावेच्या गुडघ्यावर लेप थापत ती म्हणाली, "माझं नाव कुठं आहे ते दाखव. तेवढं वाचता येतं मला."

लेक चष्मा पुसायला लागला. "कृती सांगणारी म्हणून एकीचीच सही लागत होती. घाई होती, आईची घेतली."

"तू सही केलीस?" थोरलीनं जावेला विचारलं.

"म्हटलं घर एकच आहे. तुझं काय नि माझं काय."

"मग मला सांगायला जीभ झडली होती?"

 जावेची दोन्ही बाळंतपणं थोरलीनं काढली होती. परक्यानं फसवलं असतं तर थोरली चार शिव्या हासडून मोकळी झाली असती. इथं शिवी घालायची कुणाला?

फडकं मात्र तिनं नीट बांधलं. गुडघ्याचा काय दोष? मग उरलेल्या मुळ्या उचलून जावेच्या ओटीत टाकल्या.

"आजचा लावलाय. उद्यापासून तूच वाट."

"अगं, पण साल किती, पाणी किती, मला कुठं ठाऊक?"

"सही केलीस ना, त्यात लिहिलं असेल," थोरली म्हणाली आणि हात धुवायला उठली.