मी दोन मिनिटांत बंद का पडायचो

मी एक जुना लाकूड कापायचा कटर आहे, मित्रांनो. पावतीवर माझं नाव 'चेनसॉ' असं लिहिलं होतं, पण यवतपासून इनामगावापर्यंत मला त्या नावानं कुणी ओळखत नाही. माझा नारंगी रंग आता बराच उडालाय आणि मागच्या मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली आहे. आपली हकिकत सांगताना सगळे आपापले गुण आधी सांगतात. मी माझा अवगुण आधी सांगून टाकतो. मी जळका आहे. दुसऱ्याचं कौतुक कानावर पडलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो, मग ते कौतुक एखाद्या बोथट कोयत्याचं का असेना.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला धड आठवत नाही. थर्माकोलच्या साच्यात पडून मी लांबचा प्रवास केला आणि दौंडच्या एका अवजारांच्या दुकानात माझं खोकं उघडलं. समोर पोपट गायकवाड उभे होते. तोवर ते कुऱ्हाडीनं झाडं तोडायचे. त्यांनी मला उचलून वजनाचा अंदाज घेतला, दोरी ओढली आणि मी पहिल्याच ओढीला सुरू झालो. दुकानदाराला वाटलं, आपला माल चांगला. खरं म्हणजे मला ते हात आवडले होते.

त्या दिवसापासून ते माझे मालक झाले. पण घरी आल्यावर कळलं की त्यांच्या पत्नी सोजरबाईसुद्धा त्यांना 'आमचं मालक' म्हणतात. हे मला मुळीच रुचलं नाही.

तरी ती वर्षं सुखाची होती. मालक खोकल्याच्या औषधाच्या टोपणानं ऑइल मोजायचे आणि मापात पेट्रोलमध्ये मिसळायचे, थेंब इकडचा तिकडे नाही. काम संपलं की जुन्या टूथब्रशनं माझ्या अंगातला भुसा काढायचे, माझी साखळी बोटानं चाचपून बघायचे. सोजरबाईंची एवढी विचारपूस ते करत नसत, हे माझ्या लक्षात होतं आणि त्यानं मला फार बरं वाटायचं.

मालकांचं नाव दोन तालुक्यांत होतं ते एका गोष्टीमुळे. पोपटनं जिथं सांगितलं तिथंच झाड पडतं, असं लोक म्हणायचे. एका बाजूला घर, दुसऱ्या बाजूला विजेची तार, मध्ये बैलगाडीएवढी जागा. मालक बोट दाखवायचे आणि झाड तिथंच आडवं व्हायचं. त्यांची भाकरी या नावावर चालायची. हे नाव गेलं असतं तर त्यांना परत कुणी बोलावलं नसतं.

आता माझ्या दुखण्याकडे येतो. मालक मला पोत्यात घालून मोटरसायकलला बांधायचे आणि शेजारीच जेवणाच्या डब्याची पिशवी लटकवायचे. काही वर्षांनी माझ्या टाकीचं झाकण सैल झालं. रस्त्यावरच्या खड्ड्यांत माझ्यातलं पेट्रोल थोडं थोडं पाझरायचं आणि भाकरीला त्याचा वास लागायचा. मालक काही न बोलता तशीच भाकरी खायचे. एक दिवस सोजरबाईंनी डबा धुताना वास घेतला आणि त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी दुधाची रिकामी पिशवी धुऊन वाळवली, तिचा गोल तुकडा कापला, माझ्या झाकणाखाली बसवला आणि झाकण घट्ट आवळलं. पाझरणं थांबलं. मालकांनी चार माणसांत सांगितलं की जे कुणाला सुचलं नाही ते आमच्या घरच्यांना सुचलं. तेव्हा माझ्या पोटात जे दुखलं, ते पेट्रोलमुळे नव्हतं.

मित्रांनो, माझ्या झाकणात टाचणीच्या टोकाएवढं भोक आहे. टाकीतलं पेट्रोल खाली जातं तेवढी हवा त्या भोकातून आत यावी लागते. प्लास्टिकची बाटली तोंडात गच्च धरून पाणी पिऊन बघा. बाटली चेपते आणि थोड्या वेळानं पाणी येईनासं होतं. माझं तेच झालं. दुधाच्या पिशवीनं ते भोक बुजलं. मी झोकात सुरू व्हायचो, दोन मिनिटं गरजायचो आणि मग पेट्रोल येईना म्हणून गुदमरून बंद पडायचो. थोडा वेळ बाजूला ठेवलं की कुठून तरी हवा झिरपायची आणि मी परत सुरू व्हायचो. माणसांना वाटायचं की हा मुद्दाम छळतोय.

मग माझे हाल सुरू झाले. मालकांनी प्लग बदलला, एअर फिल्टर धुतला, जुनं पेट्रोल ओतून नवं भरलं. प्रत्येक वेळी पेट्रोल भरताना माझं झाकण उघडलं की 'फुस्स' असा आवाज व्हायचा. मी एवढं स्पष्ट सांगत होतो, पण कुणी कान दिला नाही. पेट्रोल भरून झालं की मालक तो तुकडा इमानानं परत लावायचे.

शेवटी त्यांनी मला यवतच्या आण्णा मिस्त्रींकडे नेलं. आण्णा फवारणीचे पंप दुरुस्त करतात. त्यांनी सांगितलं, कार्बोरेटर गेला. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मापात मिसळून देणारा माझा भाग. त्यांनी तो बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला उघडला, धुतला, फुंकला, त्यातला पातळ पडदा बदलला, दोन्ही स्क्रू फिरवले. मग मला मिनिटभर चालवलं आणि म्हणाले, ओके. दोन मिनिटं थांबायला त्यांना वेळ कुठला? पुढच्या खेपेला त्यांनी नवा कार्बोरेटर बसवला, तरी माझं दुखणं तेच राहिलं. येणारे-जाणारे माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, भंगारात टाका.

मग केडगावात मी एका फांदीत अर्ध्यावर बंद पडलो. फांदी मोडून एकाच्या नव्या पत्र्यावर पडली. पोपटनं सांगितलं तिथं झाड पडलं नाही, असं पहिल्यांदाच घडलं. ही बातमी मालकांच्या आधी गावोगाव पोहोचली आणि लोक दुसऱ्या माणसाला बोलवायला लागले. मालक घरी बसून राहायचे. माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत.

आणि मग तो आला. हिरवागार, चकचकीत, माझ्यापेक्षा लांब पात्याचा. मालकांनी त्याला स्वतःच्या टॉवेलनं पुसलं. माझ्या खुंटीवर त्याला टांगलं आणि मला खाली, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी ठेवलं. तो पहिल्या ओढीला सुरू झाला तेव्हा मालक हसले. ते हसू माझं होतं. मी रात्रंदिवस एकच मागणं मागत होतो, की हा बंद पडू दे.

माझं मागणं सोजरबाईंनी पुरं केलं. त्यांनी नव्याच्या झाकणाला हात लावून बघितला, घरात गेल्या आणि दुधाच्या पिशवीचा नवा गोल तुकडा घेऊन आल्या. खुराड्याशेजारून मी सगळं बघितलं. लाज वाटते सांगायला, पण त्या दिवशी मला जेवढा आनंद झाला तेवढा दौंडच्या दुकानातून निघतानाही झाला नव्हता.

त्याच आठवड्यात इनामगावच्या हौसरावांचं बोलावणं आलं. ते ऊसवाले शेतकरी, मालक त्यांना आबा म्हणतात. त्यांच्या घराशेजारी वाळलेला मोठा लिंब होता आणि तो किंचित घराकडे कललेला होता. हौसरावांनी फोनवर सांगितलं होतं की केडगावचं कानावर आलंय, तरी हे एक झाड तुलाच देतो, पण परत असं झालं तर पुढचं मी दुसरीकडे बघीन.

गुरुवार होता. मालकांची मुलगी गौतमी सणसवाडीच्या एका कंपनीत तयार माल तपासायचं काम करते. तिची सुट्टी होती, म्हणून ती वडिलांबरोबर निघाली. मलाही पोत्यात घेतलं होतं. मी हुरळून गेलो, पण मग समजलं की येताना मला आण्णांकडे टाकायचं आहे, सुट्या भागांसाठी.

इनामगावात मालकांनी आधी घरातल्या सगळ्यांना बाहेर काढलं. लिंबाच्या शेंड्याला दोर बांधून हौसराव आणि त्यांचे दोन गडी दूर मोकळ्या खळ्यात उभे केले. झाड त्या खळ्यात पडायचं होतं. मालकांनी खळ्याच्या बाजूनं खाच घेतली आणि मग घराच्या बाजूनं मागचा काप सुरू केला. नवा गरजत होता. मी पोत्यातून मोजत होतो. दोन मिनिटं झाली आणि काप मिटू नये म्हणून त्यात पाचर ठोकायच्या आधीच तो बंद पडला. लिंब मागे बसला, नव्याचं पातं कापात चिमटलं आणि झाड घराकडे झुकलं.

माझा जीव सुखावला. आता कळेल सगळ्यांना, असं मी मनात म्हणालो. तेवढ्यात मी मालकांकडे बघितलं. ते नव्याची मूठ धरून एकदा घराकडे, एकदा शेंड्याकडे बघत होते. दोर ताणून धरलेले हौसराव टाचा रोवून मागे रेलले होते आणि नदीकडून वारा सुटला होता. झाड घरावर गेलं असतं तर मालकांच्या नावाचं काही उरलं नसतं, आणि मी त्याच गोष्टीची वाट बघत होतो. मित्रांनो, तेव्हा मला स्वतःची फार किळस आली.

मालकांनी नव्याची दोरी दहा वेळा ओढली. मग धावत येऊन मला पोत्यातून काढलं. मी पहिल्या ओढीला सुरू झालो. त्यांनी अडकलेल्या पात्याच्या वरच्या अंगाला मला लावलं आणि मी जीव तोडून कापायला लागलो. पण जीव तोडून काय होतं? दोन मिनिटांनी माझीही धाप सरली आणि मी बंद पडलो.

मालक मला हातात घेऊन तसेच उभे राहिले. ते म्हणाले, "ह्याचा बी कार्बोरेटर, त्याचा बी कार्बोरेटर. माझंच नशीब खराब हाय."

गौतमी पुढे आली. "पप्पा, दोन्ही कार्बोरेटर एकाच टायमाला कसं जातील? आमच्या कंपनीत दोन पीसला सेम डिफेक्ट आला की आधी दोन्हीत कॉमन काय हाय ते बघत्यात."

तिनं माझं झाकण फिरवलं. 'फुस्स' आवाज झाला. मग ती अडकलेल्या नव्याकडे गेली आणि त्याचंही झाकण फिरवलं. तोच आवाज. इतक्या महिन्यांत माझं म्हणणं ऐकणारं ते पहिलं माणूस. तिनं दोन्ही झाकणांखालचे तुकडे काढून तळहातावर ठेवले.

"हे काय हाय?"

"तुझ्या आईनं लावलंय," मालक म्हणाले. "सांडत न्हाई मग."

मग गौतमीनं तुकडे खिशात घातले, माझं झाकण नुसतंच बसवलं आणि मला वडिलांच्या हातात दिलं. मालकांनी दोरी ओढली. दोन मिनिटं झाली, तीन झाली. मी थांबलो नाही. मागच्या कापात मालकांनी पाचर ठोकली, हौसरावांनी दोर ओढला आणि लिंब कडाडत खळ्यात पडला. पोपटनं सांगितलं होतं तिथंच.

हौसरावांनी मालकांच्या पाठीवर हात ठेवला आणि ओढ्याकडेची सगळी झाडं तूच काढ म्हणाले. मग कापातून सुटलेल्या हिरव्याकडे बघून त्यांनी विचारलं की हे भारी मशीन कुठून घेतलं. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणून सांगू.

परतताना मालक आण्णांच्या दुकानापाशी थांबलेच नाहीत. पुढे कालव्याच्या पुलावर गाडी उभी करून ते गौतमीला म्हणाले, "आईला सांगायचं, कार्बोरेटरमधी कचरा व्हता."

"खोटं कशापायी बोलायचं, पप्पा?"

"माझ्या भाकरीला वास लागू न्हाई म्हणून तिनं ते लावलं व्हतं. त्याच्यापायी झाड घरावर आलं असतं हे तिला कळलं, तर ती परत माझ्या कशालाच हात लावायची न्हाई."

गौतमीनं खिशातून तुकडे काढून दिले. मालकांनी ते दोन्ही झाकणांखाली होते तसे बसवले. घरी सोजरबाईंनी विचारलं आणि त्यांना कार्बोरेटरचंच कारण सांगण्यात आलं. त्यांनी माझ्याकडे बघून नाक मुरडलं.

आता मी परत खुंटीवर असतो, नव्याच्या शेजारी. कामावर पोहोचलो की मालक आमचे तुकडे काढून सदऱ्याच्या खिशात ठेवतात. मित्रांनो, तुमच्या घरातलं एखादं यंत्र अडलं तर लगेच त्याच्या नावानं बोटं मोडू नका. ते बंद पडताना कसला आवाज करतं ते ऐका, आणि आपणच मायेनं त्याचं काही बुजवून तर ठेवलं नाही ना, हे आधी बघा.

नव्याचा हेवा मला आता फारसा वाटत नाही. मला हेवा वाटतो सोजरबाईंचा. माझी चूक नसताना मालकांनी मला भर बाजारात उघडं केलं, माझी नाचक्की गावोगाव झाली. चूक सोजरबाईंची होती, तर ती त्यांच्या कानावरसुद्धा जाऊ दिली नाही. रोज संध्याकाळी निघायच्या आधी मालक खिशातून तो तुकडा काढतात, पुसतात आणि माझ्या झाकणाखाली नीट बसवतात, घरी गेल्यावर सोजरबाईंना दिसावा म्हणून. मालकांच्या हाताखाली मी गप्प बसून राहतो. माझ्यासाठी कुणी कधी एवढं खोटं बोललेलं नाही.