उलट्या हातांचा हैवान

“काचेवर किती बुक्क्या मारशील? तो काय तिथं परत उगवणार आहे? विकला म्हणजे विकला,” दुकानदार पॉप ब्रेंटला म्हणाला.

“तुमचा नव्हताच तो विकायला.”

“मग काय तुझा होता?”

“माझ्या बापाचा होता.”

“मग बापाला पाठव की भांडायला.”

म्हातारा बोलून गेला आणि लगेच खाली बघून खोक्याला चिकटपट्टी लावायला लागला. ब्रेंटचा बाप कुठं आहे हे अख्ख्या गावाला माहीत होतं. पोलादाचा कारखाना बंद पडला तेव्हा लेनी हॅव्रिला काम शोधायला टेक्सासला गेला. दोन महिन्यांत बायकोपोराला बोलावून घेतो म्हणाला होता. त्याला आता नऊ वर्षं झाली. आधी रविवारी फोन यायचा, मग नाताळला यायचा, आणि मग तोही बंद झाला.

दुकान बंद होत होतं. पॉपचं दुकान म्हणजे गावातल्या पोरांचं देऊळ, असं ब्रेंटला लहानपणी वाटायचं. दार उघडलं की ग्लूचा वास यायचा, डोकं हलकं करणारा. एका भिंतीला विमानं, एकीला गाड्या, आणि मागची अख्खी भिंत राक्षसांची. भुतं, सापळे, दोन डोक्यांची माकडं, थडग्यातून वर येणाऱ्या बायका. खोक्यावरचं चित्र बघून पोरांना रात्री झोप यायची नाही, आणि आत बघावं तर पांढऱ्या प्लास्टिकचे चाळीसेक तुकडे आणि एक कागद. ते तुकडे मोडून काढायचे, चिकटवायचे, रंगवायचे. बोटं आठवडाभर हिरवी. पॉप कुणाला हाकलायचा नाही. पैसे नसले तरी पोरं शनिवारभर खोकी उलटीपालटी करत बसायची.

आता त्या भिंतीवर नुसते खिळे उरले होते. पोरं घरात टीव्हीला खेळ जोडून बसत होती, आणि कुणाला किट हवंच असलं तर हायवेवरच्या मोठ्या मॉलमध्ये जात होती. ब्रेंटही दोन वर्षांत इकडे फिरकला नव्हता. त्यानं शाळा सोडली, गॅरेजला लागला, आणि राक्षस मागे पडले. पण तो बसस्टॉपला जाताना दर वेळी खिडकीत बघायचाच. कारण खिडकीत तो होता.

खाणीतला हैवान. पॉपनं चौसष्ट साली घेतलेल्या स्पर्धेत पहिला आलेला, बनवणारा लेनी हॅव्रिला, वय अकरा. पहिल्या नंबराचं मॉडेल दुकान आहे तोवर खिडकीत राहणार, असा पॉपचा नियम. हैवानाचं धड खाणीच्या भोकातून वर आलेलं, दोन्ही हात पुढे. आणि हात उलटे. लेनीनं घाईत उजवा पंजा डाव्या हाताला चिकटवला आणि डावा उजव्याला. अंगठे बाहेरच्या बाजूला. काय चुकलंय ते बघणाऱ्याला चटकन कळायचं नाही, पण अंगावर काटा यायचा. म्हणूनच पॉपनं त्याला पहिला नंबर दिला होता. “बाकीच्यांनी खोक्यावरचा राक्षस केला. ह्या कार्ट्यानं खरा केला,” असं तो येईल त्याला सांगायचा.

ब्रेंटला ते उलटे हात फार आवडायचे. कागद न वाचता कामाला लागणं, चुकणं, आणि मग ‘असंच करायचं होतं मला’ म्हणून ताठ उभं राहणं, हे त्याला स्वतःचं वाटायचं. आई वैतागली की म्हणायची, “बापावर गेलायस.” ती शिवी म्हणून म्हणायची. त्याला मात्र ते ऐकून आत कुठंतरी बरं वाटायचं.

“तुम्ही मला म्हणाला होतात,” तो पॉपला म्हणाला. “दुकान उठलं की घेऊन जा, असं तुमच्या तोंडानं म्हणाला होतात.”

“तू दहा वर्षांचा होतास तेव्हा. आता ही दोन वर्षं तोंड तरी दाखवलंस का? मला वाटलं, तुला कशाला हवाय आता.”

“आज हवाय. आजच हवाय.”

“का, आज काय आहे?”

ब्रेंटनं खांद्यावरची बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली. बॅगेत तीन शर्ट, एक स्वेटर आणि बसचं तिकीट होतं. बस पाचला होती. टेक्सासपर्यंत दोन दिवस. आईला त्यानं अजून सांगितलं नव्हतं. नऊ वर्षांनी कुणाच्या दारात उभं राहायचं तर हातात काहीतरी पाहिजे, एवढं त्याला कळत होतं. रिकाम्या हातानं गेलो तर बाप विचारणार, का आलास? हैवान हातात असला तर विचारायची गरजच पडणार नाही. बाप आधी ते हात बघेल, मग हसेल, आणि मग आत ये म्हणेल. महिनाभर तो हे मनात घोळवत होता. बापाचं हसणं कसं होतं ते त्याला नीट आठवत नव्हतं, तेवढं तो आपल्या पदरचं घालायचा.

“कुणाला विकला?”

“क्रिब्सला. वेंडेल क्रिब्स, दातांचा डॉक्टर, सगळे डॉक म्हणतात तो. शनिवारी घेऊन गेला. हे बघ, आरडाओरडा करू नकोस त्याच्याकडे. चांगला माणूस आहे. त्याच स्पर्धेत तो दुसरा आला होता.”

ब्रेंट दार आपटूनच बाहेर पडला. दाराची घंटा कितीतरी वेळ किणकिणत राहिली.

क्रिब्सचं घर टेकडीवर होतं. हिरवळ कापलेली, गाडी धुतलेली. ब्रेंटनं ह्या गाडीचं ऑइल दोनदा बदललं होतं, पण डॉक्टरनं त्याला ओळखलं नाही. नाव सांगितल्यावर मात्र त्याचा चेहरा असा उजळला की ब्रेंटला भांडायला सुरुवात कुठून करावी तेच कळेना.

“लेनीचा मुलगा? अरे, ये, ये. बघ, कपाळ तेच. चल खाली तळघरात, तुला काहीतरी दाखवायचंय.”

जिना उतरतानाच ब्रेंटच्या नाकात वास शिरला. ग्लूचा वास त्याला अपेक्षित होता, पण हा गॅरेजमधला वास होता. ब्रेक ऑइल. माणसाच्या तळघरात ब्रेक ऑइल कशाला?

तळघर म्हणजे पॉपच्या दुकानाची मागची भिंतच होती. तीच खोकी, तीच चित्रं, छतापर्यंत. सगळ्यांवर कारखान्याचा पातळ पारदर्शक कागद अजून तसाच गुंडाळलेला.

“ही उघडली नाहीत तुम्ही?”

“वेडा आहेस का? उघडलं की संपलं.”

“मग त्यांचं करता काय?”

“बघतो,” डॉक म्हणाला. “संध्याकाळी खाली येतो, खुर्ची टाकतो आणि बघतो. मी अकरा वर्षांचा होतो तेव्हा ह्यातली दोनच माझ्याकडे होती. आता सगळी आहेत.”

“मिठाई आणून डबा चाटल्यासारखं आहे हे.”

डॉक हसला. त्याला राग येत नव्हता, हेच वाईट होतं. टेबलावर एक प्लास्टिकची बादली होती, वर झाकण. शेजारी जुना टूथब्रश, पातळ पाती, दातांची बारीक हत्यारं ओळीत मांडलेली. आणि मधोमध रुमालावर एक पांढरं धड, खाणीच्या भोकातून वर आलेलं.

ब्रेंटला ते ओळखायला वेळ लागला. रंग नव्हता. बापानं दिलेला तो गढूळ हिरवा रंग, छातीवरचा ओघळ, डोळ्यांत लाल रंगाचे दोन ठिपके, एक मोठा एक बारका, सगळं गेलेलं. बादलीत तळाला हिरवट गाळ बसला असणार. हैवान उकडलेल्या अंड्यासारखा स्वच्छ होता. आणि त्याचे हात सरळ होते. अंगठे आतल्या बाजूला, जिथं असायला हवेत तिथं.

“चार दिवस ब्रेक ऑइलमध्ये भिजवला,” डॉक कौतुकानं म्हणाला. “रंग सालीसारखा सुटून येतो. ग्लूचे फुगे खरवडले. सांध्यात पातं घालून हळूच उचललं की पंजे सुटतात. काय सुबक काम आहे बघ साच्याचं, नखांच्या रेघासुद्धा दिसतात. तीस वर्षं त्या रंगाखाली गुदमरला होता बिचारा.”

“हात का बदलले?”

“चुकले होते ना.”

“त्या चुकीवरच नंबर आला होता त्याचा.”

“तेच तर,” डॉक म्हणाला. त्याचा आवाज जरासा पोरासारखा झाला. “मी कागद वाचून, मोहरीएवढासुद्धा ग्लू बाहेर येऊ न देता केला होता माझा. महिना लागला. तुझ्या बापानं एका दुपारी केला, उलटा, आणि खिडकीत जाऊन बसला. मी रोज शाळेतून येताना बघायचो. लग्न झालं, दवाखाना काढला, तरी बघायचो. ते हात नीट करावेत असं कुणालाच वाटलं नाही. हसशील, पण हात धुताना मला तेच उलटे हात दिसायचे.”

“म्हणून तुम्ही तीस वर्षांनी बदला घेतला? एका अकरा वर्षांच्या पोराचा?”

“बदला कसला? नीट केला रे.”

“तुम्हाला कुणी सांगितलं होतं नीट करायला?” ब्रेंटचा आवाज चढला. बॅग खाली पडली. “दुसऱ्याची वस्तू. विचारायचं नाही कुणाला? दात आहे का तो किडलेला, दिसला की उपटायला?”

“विचारलं ना,” डॉक म्हणाला.

“कुणाला?”

“लेनीला. नंबर काढला, फोन केला. हात लावण्याआधी विचारलं. मी तेवढा वाईट नाहीये.”

वरच्या मजल्यावर कुणीतरी नळ सोडला, पाइपातून पाणी गेलं.

“काय म्हणाला?”

“हसत सुटला. म्हणाला, ते ध्यान अजून आहे? मी म्हटलं, हात सरळ करू का? तर म्हणाला, कर बाबा, जन्मभर लाज वाटली मला त्या हातांची, त्या म्हाताऱ्यानं मुद्दाम खिडकीत ठेवून अख्ख्या गावाला दाखवलं. मला काय माहीत त्याला असं वाटायचं. मी आपला जळत होतो.” डॉकनं डोळे पुसल्यासारखं केलं. “काय गप्पा झाल्या सांगू तुला. पॉपचं दुकान, तो वास, आम्ही एकदा पॉपची रंगाची बाटली ढापली होती ती. लेनीला प्रत्येक खोक्याचं चित्र आठवत होतं. कुठल्या रांगेत काय होतं तेसुद्धा.”

“किती वेळ बोललात?”

“तासभर असेल. तोच फोन ठेवेना.”

“माझं विचारलं त्यानं?”

डॉकनं टेबलावरचा टूथब्रश सरळ केला. तो खोटं बोलणार होता हे ब्रेंटला दिसलं, आणि मग त्याला ते जमलं नाही हेही दिसलं.

“आम्ही त्या जुन्यातच रमलो रे,” तो म्हणाला. “तुझा विषय... म्हणजे तसा विषयच निघाला नाही. मला वाटलं, तुमचं बोलणं होत असेल.”

एरवी ब्रेंटचं डोकं इथं सटकलं असतं. बादली उलटली असती, भिंतीवरची खोकी टराटरा फाडली असती, एकेका राक्षसाला एकदाचा उजेड दाखवला असता. तो वाट बघत उभा राहिला, आता सटकेल, मग सटकेल. काहीच झालं नाही. त्यानं हैवान उचलला. हलका होता, खेळण्यासारखा. खेळणंच होतं.

“तू घेऊन जा,” डॉक घाईनं म्हणाला. “खरंच. मला नुसता नीट करायचा होता, तो झाला. तुझा आहे. नाहीतर असं कर, इथंच बस. रंग देतो, ब्रश देतो, तुझ्या हातानं रंगव. हिरवा पाहिजे तर हिरवा.”

“नको. राहू दे तुमच्याकडेच. छान झालाय.”

त्यानं तो रुमालावर परत ठेवला, तोंड भिंतीकडे करून, आणि बॅग उचलली.

“रागावलास?” डॉक म्हणाला. “अरे बस तरी. कॉफी टाकतो. आणि ही बॅग कसली, कुठं निघालायस?”

“टेक्सासला निघालो होतो.”

डॉकला कळायला क्षणभर लागला. मग तो खुर्चीत बसला.

“आणि आता?”

“आता काय,” ब्रेंट जिन्यावर पाय ठेवत म्हणाला. “आईला सांगितलं नव्हतं तेच बरं झालं. आता मला निघायला हवं.”